दुसरा, स्वस्तातला कॅमेरा घेताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या सेकंडहँड बॅकअप कॅमेऱ्याचा ऑटोफोकस मेलेला आहे, असं मी तीन आठवडे भेटेल त्याला सांगत होतो. शटरचं बटण अर्धं दाबलं तरी लेन्स ढिम्म हलत नव्हती. लेन्स बदलून पाहिली, कॉन्टॅक्ट पुसले, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. शेवटी एका जाणत्या मित्राने कॅमेरा हातात घेतला, पाठीमागचं अंगठ्याजवळचं बटण दाबलं आणि क्षणात फोकस लागला. आधीच्या मालकाने फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला दिलं होतं. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून जुना कॅमेरा घरात आला की मी आधी तो रीसेट करतो. काही कॅमेऱ्यांत शूटिंग मेनू आणि कस्टम मेनू वेगवेगळे रीसेट करावे लागतात, एक करून थांबू नका. फोटो सतत अंधारे येताहेत? एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणेमध्ये राहिलेलं असतं. सगळं निळंनिळं दिसतंय? व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर आहे. झूम केल्यावर फोटो फुटतोय? आधीच्याने जेपेगचा आकार लहान ठेवलाय. आणि व्ह्यूफाइंडरमधून सगळंच धूसर दिसत असेल, तर शेजारचं डायऑप्टरचं छोटं चाक तुमच्या डोळ्याला जुळेपर्यंत फिरवा. अक्षरं आणि आकडे स्पष्ट दिसले की झालं. कॅननच्या ४०००डीसारख्या अगदी स्वस्त बॉडीत (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात) मात्र ही सोय नाही. चष्मा असेल तर घेण्याआधी व्ह्यूफाइंडरमधून एकदा बघाच.

नुसती बॉडी बघून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बॅकअप कॅमेरा एकटा नांदत नाही. तुमच्या बॅगेत आधीपासून असलेल्या लेन्स, बॅटऱ्या, कार्डं आणि चार्जर यांच्यासोबत त्याला नांदायचं असतं. बॉडी फुकटात मिळाली म्हणून उचलली आणि तिच्यासाठी वेगळी लेन्स, वेगळा चार्जर, दोन बॅटऱ्या घ्याव्या लागल्या, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते.

बॅटरीचंच बघा. निकॉनचे डी३१०० ते डी३५०० आणि डी५१०० ते डी५६०० हे सगळे एकाच घराण्यातली ईएन-ईएल१४ बॅटरी वापरतात. यातला एक मुख्य आणि एक बॅकअप असेल तर एक चार्जर पुरतो, आणि ऐनवेळी एकाची बॅटरी काढून दुसऱ्याला लावता येते. कॅननची एलपी-ई६ बॅटरी २००८ च्या ५डी मार्क २ पासून चालत आली आहे. ७डी, ६०डी, ७०डी, ८०डी, ६डी या सगळ्यांना ती चालते. ज्याच्याकडे ८०डी आहे त्याने बॅकअप म्हणून जुना ६०डी घेतला तर संसार जुळतो. त्याच माणसाने १३००डी घेतला तर लेन्स चालतील, बॅटरी नाही; तिथे एलपी-ई१० लागते. सोनीत ए६०००, ए६३०० आणि पहिला ए७ यांची एनपी-एफडब्ल्यू५० एकच, पण नंतरच्या मोठ्या बॅटरीचे कॅमेरे वेगळे पडतात. माझं मत विचाराल तर एक पिढी जुना पण त्याच बॅटरीचा कॅमेरा हा नव्या पण परक्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला बॅकअप ठरतो. मेगापिक्सेलची चिंता नको. निकॉन डी४० सारखा ६ मेगापिक्सेलचा कॅमेरा ३००८ गुणिले २००० पिक्सेलचा फोटो देतो, म्हणजे ३०० डीपीआयने १० बाय साडेसहा इंचांच्या आसपासचा प्रिंट. बहुतेकांचे फोटो त्याहून मोठे कधी छापलेच जात नाहीत.

लेन्स माउंटवर बसते म्हणजे चालतेच, हाही एक गोड गैरसमज आहे. कॅननची छोट्या सेन्सरसाठीची (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी चिप) ईएफ-एस लेन्स ६डीसारख्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर बसतच नाही. निकॉनची तशीच डीएक्स लेन्स फुल फ्रेम डी७५० वर बसते, पण फोटोचा फक्त मधला भाग राहतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. उलट दिशेने, मुख्य कॅमेरा फुल फ्रेम आणि बॅकअप छोट्या, म्हणजे क्रॉप सेन्सरचा असेल तर ५० मिमीची लेन्स कॅननवर ८० आणि निकॉनवर ७५ सारखी वागते. पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्याला हे सोन्याहून पिवळं, ३०० मिमीची लेन्स निकॉनवर आपोआप ४५० सारखी वागते. छोट्या खोलीत दहा माणसांचा ग्रुप फोटो काढणाऱ्याची मात्र पाठ भिंतीला लागते. तेव्हा बॅकअपसोबत एखादी रुंद लेन्सही हवी, हे आधीच धरून चाला.

"लेन्स बसली, पण फोकस होत नाही"

निकॉनवाल्यांची ही नेहमीची तक्रार, आणि इथे खरोखरच कुणाचा दोष नसतो. डी४०, डी६० आणि डी३०००, डी५००० या मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते, त्यांना बॉडीकडून ताकद लागते. म्हणून स्वस्तात मिळालेली ५० मिमी एफ/१.८ डी या बॉडींवर हाताने फोकस करावी लागते. डी८०, डी९० किंवा डी७००० वर तीच लेन्स करकर आवाज करत झकास फोकस करते. उलटंही होतं. नव्या, आवाज न करणाऱ्या एएफ-पी लेन्स डी९०, डी३१००, डी५१०० या जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. लेन्सवरची दोन-तीन अक्षरं वाचण्याचा कंटाळा केला की असं होतं.

त्याच जुन्या एएफ-डी लेन्स लावल्यावर स्क्रीनवर 'एफईई' अशी अक्षरं चमकायला लागली, तर घाबरून दुरुस्तीला नेऊ नका. लेन्सवरची अॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बहुधा २२ वर, फिरवून तिथेच लॉक करा. संपलं.

मिररलेसला (आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) अडॅप्टरने जुनी मॅन्युअल लेन्स लावली आणि शटरच पडेना, तर मेनूत 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचा पर्याय शोधून चालू करा. कॅमेऱ्याला त्या लेन्सचा पत्ताच लागलेला नसतो, इतकंच.

फ्लॅश पडत नाही

कॅननच्या १५००डीमध्ये हॉट शूच्या (वरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधला मुख्य पिनच काढून टाकला आहे. ३०००डी आणि २००डी मार्क २ यांतही तेच. (याच कॅमेऱ्यांना दुसऱ्या देशांत २०००डी, ४०००डी आणि २५०डी म्हणतात, तेव्हा नाव वेगळं दिसलं म्हणून फसू नका.) त्या पिनवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि स्वस्त ट्रिगर या बॉडींवर उडतच नाहीत. माणूस फ्लॅशच्या बॅटऱ्या बदलत बसतो, ट्रिगर बदलून आणतो, तोही चालत नाही. कॅननच्या भाषेत बोलणारा ई-टीटीएल फ्लॅश चालतो. साधाच वापरायचा असेल तर तो वेगळा ठेवून ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडण्याच्या मोडवर लावा आणि १५००डीचा स्वतःचा छोटा फ्लॅश उघडून त्याला उडवा. स्लेव्हचे एस१ आणि एस२ असे दोन मोड असतील तर एस२ घ्या. कॅमेरा मोजमापासाठी आधी एक छोटा लखलखाट करतो, एस२ तो सोडून देतो. एस१ वर फ्लॅश आधीच उडून मोकळा होतो आणि फोटोत काहीच येत नाही.

फिल्मच्या काळातला फ्लॅश कपाटात सापडला म्हणून लगेच डिजिटल बॉडीवर चढवू नका. त्यातल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज २०० व्होल्टच्याही पुढे असतो आणि नाजूक सर्किट त्यात जळू शकतं. मल्टिमीटरने मोजा, नाहीतर स्लेव्हवर दूरच ठेवा.

शटर काउंटच्या आकड्याला भुलणं

जुना कॅमेरा म्हटलं की पहिला प्रश्न, "किती क्लिक झालेत?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्यावरच सगळा सौदा ठरवणं चुकीचं आहे. डी३३००, डी३५०० अशा बॉडींचं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, डी७००० सारख्यांचं दीड लाखापर्यंत. त्या आकड्याला शटर मरतंच असं नाही, आणि त्याआधी मरणार नाही याचीही हमी नाही. व्हिडिओचे तास या आकड्यात धरलेच जात नाहीत. पाच वर्षं दमट कपाटात पडून असलेला ४ हजार क्लिकचा कॅमेरा मला ४० हजार क्लिकच्या रोज वापरातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटतो.

आकडा बघायचाच तर निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच साठलेल्या एक्झिफ माहितीत सापडतो. त्यासाठी कॅमेऱ्यातून थेट निघालेली फाइल लागते. एडिट करून किंवा मेसेजवरून पाठवलेल्या फोटोत ती माहिती बहुधा उडालेली असते. कॅननच्या बहुतेक ईओएस कॅमेऱ्यांत आकडा फोटोत नसतो, कॅमेरा संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो.

त्याऐवजी दहा मिनिटं हे करा. लेन्स एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोकस नसलेला फोटो घ्या. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. ठिपके व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात पण फोटोत नाहीत, तर ते व्ह्यूफाइंडरच्या काचेवर, म्हणजे फोकसिंग स्क्रीनवर आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, आणि आरशावर तोंडाने फुंकर तर अजिबात मारू नका, थुंकी उडते. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी लेन्स परत द्या. बॅटरीचं आणि कार्डाचं दार घट्ट बसतं का, पॉप-अप फ्लॅश उघडतो का, हे दोन सेकंदांचं काम आहे.

पेंटॅक्सचा के-३० किंवा के-५० घेत असाल तर आणखी एक. हे कॅमेरे हवामानाला टिकणारे, त्या किमतीत नावाजलेले, पण अॅपर्चर हलवणारा सोलेनॉइड अडकण्याचा आजार त्यांत बराच आढळतो. कॅमेरा काही दिवस पडून राहिला की पहिले काही फोटो काळपट येतात, मग हळूहळू सुधारतात. म्हणून विकणाऱ्याने तो आधी चालवून 'गरम' करण्यापूर्वी तुम्ही एफ/८ वर सलग दहा फोटो घ्या आणि पहिला-दहावा ताडून बघा.

जुन्या कॉम्पॅक्टचा मोह

सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यांना हल्ली पुन्हा भाव आला आहे. सीसीडीमुळे रंगांत जादू येते असं म्हणतात. मला तरी त्या जादूत सेन्सरपेक्षा कॅमेऱ्यातल्या जेपेग प्रोसेसिंगचा आणि समोरून थेट मारलेल्या फ्लॅशचा हात मोठा वाटतो. असो, मजा येत असेल तर जरूर घ्या, पण बॅकअप म्हणून त्यावर विसंबू नका. त्या काळातल्या सीसीडींच्या एका मोठ्या मालात आतली जोडणी उष्णता आणि दमटपणाने सुटत असे. २००५ मध्ये सोनीसह अनेक कंपन्यांनी हा दोष कबूल करून मोफत दुरुस्ती जाहीर केली होती. आज ती सेवा मिळणार नाही, कॅमेरे मात्र अजून फिरताहेत. स्क्रीनवर जांभळट रेघा किंवा निव्वळ काळं चित्र दिसलं तर तिथूनच मागे फिरा.

कार्डाचा घोळही इथेच जास्त. एसडीएचसी कार्डं २००६ पासून आली. त्याआधीचे बरेच कॅमेरे २ जीबीपर्यंतचं साधं एसडीच वाचतात. ३२ जीबीचं नवं कार्ड घालून "कार्ड खराब आहे" असा संदेश आला, तर कार्ड बिचारं निर्दोष असतं. एक्सडी कार्डाचे कॅमेरे तर मी हातही लावत नाही. आणि ज्यांत डबल ए सेल लागतात, त्यांत अल्कलाइन घालून "बॅटरी खातो" असं म्हणू नका. निकेल मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल घाला, तोच कॅमेरा दिवसभर चालेल.

फिल्म कॅमेऱ्याचं थोडक्यात. उजेड मोजणाऱ्या बऱ्याच जुन्या मीटरना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की मीटर चुकीचं वाचू शकतो. मागच्या दाराचा फोम चिकट झाला असेल तर फिल्मवर उजेडाचे पट्टे येतात.

दोन कॅमेरे, दोन घड्याळं

दुसरा कॅमेरा वापरायला लागल्यावर जो त्रास होतो तो खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा जुळलेल्या नसतील तर संगणकावर फोटो वेळेनुसार लावताना संध्याकाळचा सूर्य दुपारच्या जेवणाआधी मावळतो. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच घड्याळाचा फोटो काढा. फरक राहिलाच तर नंतर सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच सरकवता येतो. बॅटरी बदलली की तारीख मागे जात असेल तर आतला छोटा सेल संपलाय. काही कॅमेऱ्यांत तो मुख्य बॅटरीवर चार्ज होतो, म्हणून भरलेली बॅटरी एक-दोन दिवस आत ठेवून बघा.

फाइलच्या नावांचंही तेच. दोन्ही कॅमेरे ०००१ पासून मोजतात. एकाच फोल्डरमध्ये ओतताना "बदलू का?" असा प्रश्न येतो आणि घाईत आपण हो म्हणतो. माझी एक अख्खी सकाळ अशीच गेली आहे. काही कॅमेऱ्यांत नावाची पहिली तीन अक्षरं बदलता येतात, नाहीतर प्रत्येकाला वेगळा फोल्डर ठेवा.

बॅकअप कॅमेरा लेदरच्या केसात बंद करून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचं ड्राय कॅबिनेट उत्तम, ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि वेळोवेळी सुकवलेली सिलिका जेल. बॅटरी निम्मी भरून, कॅमेऱ्याबाहेर. महिन्यातून एकदा बाहेर काढून पाच-पन्नास फोटो घ्या, सगळ्या रिंगा आणि बटणं फिरवा. हातालाही सवय राहते.

सवयीवरून आठवलं. त्या पहिल्या कॅमेऱ्याचा फोकस मी रीसेट करून शटरच्या बटणावर आणला होता. वर्षभराने मुख्य कॅमेऱ्यावर मागच्या बटणाने फोकस करून बघितला, आवडला, आणि दोन्ही कॅमेरे सारखे हवेत म्हणून बॅकअपवरही तेच सेटिंग पुन्हा लावलं. उद्या तो कॅमेरा विकायला काढला तर रीसेट करायला विसरणार नाही, एवढं नक्की.