पर्जन्यजल संधारण : ठाण्यातील सोसायट्यांनी या चुका टाळाव्यात

ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही घोडबंदर रोडवरील अनेक संकुलांत उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात, ही खरोखर वेदनादायक गोष्ट आहे. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर २,००० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ८ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ८० टँकर भरतील एवढे पाणी हाती येते.

सर्वांत घातक चूक मात्र गच्चीवर नव्हे, ड्राय बाल्कनीत होते. वॉशिंग मशीनचा पाइप सांडपाण्याच्या वाहिनीऐवजी जवळच्या पावसाळी पाइपाला जोडला जातो, आणि साबणाचे पाणी थेट शोषखड्ड्यात (पाणी जमिनीत मुरवण्यासाठी केलेल्या खड्ड्यात) किंवा नाल्यावाटे तलावात व खाडीत जाते. हे ओळखणे सोपे आहे. फेब्रुवारीत, पाऊस नसताना, सकाळी पावसाळी पाइपांच्या खालच्या तोंडांशी जाऊन पाहावे. तिथे ओल, फेस किंवा शेवाळ दिसले, तर वर कोणाची तरी जोडणी चुकलेली आहे. बादलीत रंग कालवून मजल्यामजल्यावरून ओतला की चुकलेली जोडणी सापडते. ती दुरुस्त होईपर्यंत तो पाइप पुनर्भरणाला, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या व्यवस्थेला, जोडू नये.

दुसरी चूक म्हणजे गच्चीचे पाणी न गाळता बोअरवेलमध्ये सोडणे. पहिल्या सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते बाहेर सोडण्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह हवा. त्यानंतरचे पाणी दगड, खडी आणि वाळूच्या थरांतून जावे आणि हे थर दरवर्षी मे महिन्यात उपसून धुवावेत. आपल्याकडचा बेसाल्ट खडक पाणी भेगांतच साठवतो. या भेगा गाळाने बुजल्या, तर बोअर कायमची निकामी होऊ शकते.

खाडीलगतच्या सखल भागांत, उदाहरणार्थ कोपरी किंवा शेजारच्या नवी मुंबईतील वाशीच्या काही भागांत, भूजल उथळ आणि खारट असेल तर शोषखड्डा तुंबतो. तिथे साठवण टाकीच बांधावी आणि ते पाणी फ्लशसाठी व बागेसाठी वापरावे. पाणी मुरायला मोकळी माती राहावी म्हणून आवारातील पेव्हर ब्लॉक झाडांच्या बुंध्यापर्यंत नेऊ नयेत.

बोअरमधील पाण्याची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून सोसायटीच्या नोंदवहीत लिहावी, म्हणजे कमिटी बदलली तरी पुनर्भरण चालू आहे की नाही, हे पुढच्या सचिवांना कळेल.