मन्याचे कान आणि साखर

आमचा मन्या अकरा वर्षांचा बोका, मधुमेही. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. मालवणच्या पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, तेव्हा त्याने कान खाजवून रक्त काढलं. आत तपकिरी, चिकट मळ आणि कुबट वास.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "खोबरेल घाल गो." घातलं. मळ आणखी चिकटला, वर बोक्याला आठवडाभर खोबऱ्याच्या वडीचा वास! मग घरात उरलेले कुत्र्याच्या कानाचे थेंब घातले. खरी चूक ही. त्यात स्टेरॉइड होतं. ते अंगात मुरून साखर चढते. मन्याची 230 वरून 400 च्या वर गेली.

डॉक्टरांनी थेंब बंद केले, कानाचा पडदा शाबूत आहे ना ते पाहिलं आणि मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. किडे नव्हते, यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी होती. स्टेरॉइड नसलेलं बुरशीनाशक औषध आणि कान धुवायचं द्रावण दिलं.

धुताना बाटली तळहातात धरून कोमट करते, कान भरते, मुळाशी चोळते. पचक-पचक आवाज आला की सोडून देते. तो डोकं झाडतो, अर्धं माझ्या चष्म्यावर. वर आलेला मळ कापसाने टिपायचा. इअरबड आत घालायचा नाही.

साखर तपासायला कानाच्या कडेलाच टोचत होते, ते पंजाच्या गादीवर सुरू केलं. इन्सुलिन मनाने वाढवलं नाही. वाढवलं असतं तर थेंबांचा असर ओसरल्यावर साखर एकदम पडली असती.

तीन आठवड्यांनी मळ पुन्हा तपासला, स्वच्छ. आता मन्या फक्त सोफा खाजवतो.