आधी हात फिरवायला शिका, पाना नंतर: नवशिक्यांसाठी मोटारसायकलची देखभाल

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात कुठे गाय अडली, म्हैस फुगली की फोन येतो आणि मी गाडीला किक मारतो. केळघर घाटाच्या वर किंवा बामणोलीच्या अंगाला गाडी बंद पडली तर जवळपास गॅरेज नसतं, अनेक वळणांवर मोबाईलला रेंजही नसते. माझी गाडी साधी स्प्लेंडर आहे. पण मला वाटतं, ज्याच्या पोटापाण्याला गाडी लागते त्याला तिची चार कामं स्वतः करता आलीच पाहिजेत. पुतण्या नोकरीला लागला, त्याने गाडी घेतली, तेव्हा त्याला जे शिकवलं तेच इथे लिहितोय.

तो पहिल्याच दिवशी पान्यांचा मोठा सेट आणायला निघाला होता. मी म्हटलं, "थांब. आधी पंधरा दिवस नुसता हात फिरव."

जनावर तपासताना आम्ही सुई आधी काढत नाही. कान गार आहेत का, रवंथ चालू आहे का ते बघतो. गाडीचंही तसंच. रोज सकाळी निघण्याआधी दोन मिनिटं द्या. इंजिनखाली जमिनीवर ऑईलचा डाग आहे का? टायरमध्ये खिळा, काच, खडी रुतली आहे का? क्लच आणि पुढच्या ब्रेकच्या केबलचं लिव्हरजवळचं टोक नीट बघा. केबल एकदम तुटत नाही, आधी तिची एकेक तार सुटते. तिथे मिशीसारखी तार बाहेर आलेली दिसली की त्याच आठवड्यात केबल बदला. पंधरा दिवसांत तुमची गाडी निरोगी असताना कशी दिसते, कशी वाजते हे डोक्यात बसतं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

हवा टायर थंड असताना तपासायची. किती भरायची ते चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. एकट्यासाठी आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचे आकडे वेगळे असतात, ते कागदावर उतरवून ठेवा. पंपावरचा पोरगा विचारतो, "किती टाकू?" तेव्हा तुम्हाला आकडा सांगता आला पाहिजे.

आता चेन. आमच्या भागात गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पावसाळ्यात कासच्या पठाराकडून येताना तांबडा चिखल उडतो, तो ऑईलमध्ये कालवला जातो आणि चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, कानशीने घासल्यासारखं झिजतं. ऊसवाल्यांच्या ट्रॉल्या रस्त्यावर माती सांडतात, ती वेगळीच.

गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, इंजिन बंद ठेवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे मी पाहिलेत. फडकं चेनमध्ये अडकतं आणि त्याबरोबर बोट स्प्रॉकेटवर जातं. चाक नेहमी हातानेच फिरवायचं.

स्प्लेंडरसारख्या गाड्यांना पूर्ण चेनकेस असते. तिच्या खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढलं की चेन दिसते. बोटाने चेन वर-खाली हलवा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर ढिलाई चालते, नक्की आकडा पुस्तकात बघा. एकाच जागी बघून सोडू नका. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथली ढिलाई धरायची. "ताठ असली की बरं" हा समज चुकीचा आहे. खड्ड्यात मागचं चाक वर-खाली होतं तेव्हा ताठ चेन आणखी ओढली जाते आणि ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

ताणायची असेल तर मागच्या एक्सलचा नट सैल करा. नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली दुमडलेली तार, म्हणजे स्प्लिट पिन, असेल तर आधी ती काढा. स्लीव्ह नट असेल तर तोही सैल करावा लागतो. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टरचे नट सारखेच फिरवा, एका वेळी पाव फेरा. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर (स्विंग आर्मवर) दोन्हीकडे खुणा असतात. डावीकडे तिसऱ्या खुणेवर असेल तर उजवीकडेही तिसरीच, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका बाजूने खातं. नट आवळले की ढिलाई पुन्हा मोजा, आवळताना ती थोडी बदलते. स्प्लिट पिन नवीनच घाला.

चेनकेस उघडून चेन धुवायची असेल तर रॉकेल किंवा डिझेल आणि मऊ ब्रश घ्या. कोरडी पुसा, मग नव्वद नंबरचं गिअर ऑईल चेनच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडा आणि जादाचं पुसून घ्या. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑईल चेनला घालू नका, त्यात धातूची बारीक पूड असते. ऑईल टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमकडे जाऊ देऊ नका. चेनचा जोड धरणाऱ्या लॉकची क्लिप दिसली की तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला आहे ना ते बघा. उघडी बाजू पुढे असेल तर क्लिप निघून पडू शकते.

चेन ताणली की मागचं चाक सरकतं, म्हणजे ब्रेकही बदलतो. ब्रेकच्या रॉडला मागे जो नट असतो तो फिरवून पॅडलचा खेळ परत जमवा, तोही साधारण २० ते ३० मिलिमीटर. या नटाला अर्धगोल खाच असते, ती लिव्हरच्या पिनवर नीट बसली पाहिजे. अर्धवट चढली असेल तर पहिल्या दोन ब्रेकला ती बसते आणि खेळ अचानक वाढतो. मग चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. शेवटी पॅडल दाबून मागचा लाल दिवा लागतो का बघा.

लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासून ब्रेक लावणारे पट्टे, किती उरले ते ड्रम न उघडता कळतं. ब्रेक पूर्ण दाबून धरायला कुणाला तरी सांगा आणि ड्रमवरचा बाण बघा. तो पत्र्यावरच्या खुणेला टेकला की लायनर संपले. ड्रम उघडलाच तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ओढ्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक लागत नाही. सपाट रस्त्यावर हळू चालवत ब्रेक हलका धरून ते वाळवा, मगच उताराला लागा. यवतेश्वरचा घाट उतरताना मी खालचा गिअर ठेवतो, सगळा भार ब्रेकवर टाकत नाही.

ऑईल तपासणं सोपं आहे. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर हवी. ऑईलच्या झाकणाला असलेली मोजकाडी, म्हणजे डिपस्टिक, पुसा आणि आटे न फिरवता नुसती आत टेकवा. काही गाड्यांना काचेची खिडकी असते, तिथे गाडी सरळ उभी धरून बघायचं. बदलताना ऑईल मोटारसायकलचंच घ्या, बाटलीवर जासो (JASO) एमए किंवा एमए-२ हा मोटारसायकलच्या ऑईलचा दर्जा लिहिलेला असतो. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, कारचं काही ऑईल घातलं तर तो घसरतो.

ड्रेन बोल्ट ज्या भागात बसतो तो ॲल्युमिनियमचा असतो. म्हणून बोल्ट आधी बोटाने तीन-चार फेरे फिरवा, अडला तर काढून परत लावा. पाना शेवटी. आटे गेले तर काम शंभरपट वाढतं. वायसर नवा घाला. काढलेलं ऑईल डब्यात भरून गॅरेजला द्या. आमच्याकडचे ओढे वेण्णेला मिळतात आणि वेण्णा कण्हेर धरणात जाते, तेच पाणी लोक पितात.

प्लग आणि फ्यूज एकदा मिस्त्रीसमोर काढून-लावून बघा. प्लग इंजिन थंड असतानाच. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो, तेलकट कागदाचा असेल तर धुवायचा नाही, झटकायचा नाही, बदलायचा.

व्हॉल्व्हची सेटिंग, डिस्क ब्रेकचं ऑईल, इंजिन उघडणं ही कामं मी मिस्त्रीकडेच देतो आणि शेजारी उभा राहून बघतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना बहुतेक कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं, तिथे तर वायरला उगाच हात लावायचा नाही. वॉरंटी असेल तर सर्व्हिस कंपनीच्या सेंटरलाच करा. हवा, चेन आणि केबल मात्र तेव्हाही तुमच्याच हातात आहेत.

काम झालं की लगेच घाटात जाऊ नका. आधी गल्लीत, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू चालवा, दोन्ही ब्रेक दाबून बघा. आठ-दहा किलोमीटर झाल्यावर गाडी बाजूला घ्या आणि जे जे नट सोडले होते त्या प्रत्येकाला एकदा पाना लावून बघा.