धुऱ्याच्या भांडणाची नक्कल

२०१४ मध्ये शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणात लहान भावावर गुन्हा लागला होता. चार वर्षांनी निर्दोष सुटला, पण निकालाचा कागद कोणी घेतलाच नाही. आता नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तोच मागितला. केस नंबर कोणाला आठवेना, वकीलसाहेबही वारलेले.

आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली एफआयआरची चुरगळलेली प्रत सापडली. पोलीस ठाणं, अपराध क्रमांक आणि वर्ष, एवढं पुरतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर यवतमाळ जिल्हा, मग तालुक्याचं कोर्ट निवडून एफआयआर नंबरने शोधलं. दोन दिवस काहीच येईना. येणार कसं? मी 'प्रलंबित'मध्येच पाहत होतो! 'निकाली' निवडल्याबरोबर आर.सी.सी. नंबर (म्हणजे फौजदारी केसचा नंबर), अक्षरं-आकडे मिळून १६ चिन्हांचा सीएनआर (केसचा ओळख क्रमांक), निकालाची तारीख, सगळं पुढ्यात.

पण साइटवरची प्रिंट चालत नाही, सही-शिक्क्याची नक्कलच लागते. भावाच्याच नावाने अर्ज लिहिला, कोर्ट फीचं तिकीट चिकटवलं, नक्कल विभागात दिला. फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली, म्हणून आठवडा गेला. बाहेर चहाच्या टपरीवर एकजण 'पाचशे द्या भाऊ, आजच काढतो' म्हणत होता. त्याला नुसता चहा पाजला.

दोन नकला घेतल्या. एक ट्रंकेत, लुगड्यांखालीच.