शहाद्याच्या मैदानावरून क्लबच्या करारापर्यंत

आमच्याकडच्या पोरांत फुटबॉलचा खेळ कमी नसतो, सामने कमी असतात. तळोदा, धडगाव, अक्कलकुव्याकडून कॉलेजात आलेल्या मुलाच्या पायात चेंडू असला की तो कुणाला ऐकत नाही. पण पूर्ण ९० मिनिटांचे सामने किती खेळलास, असं विचारलं की गप्प होतो. गावात खेळ होतो तो सहा-सात जणांचा, दिवेलागणीपर्यंतचा. कॉलेजात आल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची; पहिल्याच दिवशी हरलात की वर्ष संपलं. मी नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला कॉलेजात क्रीडा संचालक आहे, मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही फुटबॉल संघ माझ्याकडे आहेत. आपल्या भागातल्या कॉलेजांना व्यावसायिक क्लबच्या दारापर्यंत खेळाडू न्यायचा असेल तर काय करावं लागतं, ते इथे लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे सामने उभे करणं. आपल्या विद्यापीठाची हद्द जळगाव, धुळे आणि नंदुरबार. कॉलेजांच्या स्पर्धा, मग विभागांच्या, मग निवड चाचणी आणि त्यातून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेचा संघ. तिथवर पोचलेल्या मुलाचेही वर्षातले सामने बोटांवर मोजता येतात. म्हणून विद्यापीठाच्या वेळापत्रकाची वाट बघू नका. जूनमध्येच दोंडाईचा, शिरपूर, नंदुरबार, नवापूर इथल्या क्रीडा शिक्षकांना फोन लावा आणि आपली साखळी स्पर्धा ठरवा. दर रविवारी सामना, प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर. पंचाचं मानधन आणि नाश्ता यजमान कॉलेजचा. मुंबईला जायचं तर रात्र गाडीत जाते; नंदुरबारहून सुरतेला मात्र सकाळी निघून रात्री परत येता येतं, तेव्हा तिकडच्या संघांशीही मैत्रीपूर्ण सामने ठरवा. अनोळखी संघाशी, अनोळखी मैदानावर खेळण्याची सवय क्लबच्या ट्रायलच्या, म्हणजे निवडीच्या दिवशी फार उपयोगी पडते.

प्रत्येकाची मैदानावरची मिनिटं वहीत लिहा. किती गोल मारले ते सगळेच लिहितात, मिनिटं कुणी लिहीत नाही. वर्षाला निदान २५ पूर्ण सामने हे मी धरलेलं लक्ष्य आहे, आणि ते राखीव खेळाडूंनाही लागू आहे. त्यासाठी रविवारी मुख्य सामन्यानंतर दोन्ही संघांच्या राखीव मुलांचा दुसरा सामना ठेवावा. ज्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं तो तीन वर्षांनी बसायलाच शिकलेला असतो.

आता मैदान. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटून पाय जड करते आणि मार्चनंतर तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर चेंडू कुठेही उसळतो, म्हणून मुलं तो थांबवायच्या भानगडीत पडत नाहीत, आला की मारतात. क्लबचा प्रशिक्षक नेमकं तेच बघतो: पहिल्या स्पर्शात चेंडू कुठे गेला. सगळं मैदान सुधारायला पैसा नसतो, पण एका कोपऱ्यात ३० बाय २० मीटरचा पट्टा करता येतो. त्यावर बारीक मुरूम-माती पसरा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी रोलर फिरवा, आणि पासिंगचा सगळा सराव तिथेच घ्या.

या पट्ट्यावरचा एक सराव सांगते, कारण त्याचा फरक मला डोळ्यांनी दिसतो. एक मुलगा मध्ये उभा. समोरचा त्याला पास देतो. त्याच्या पाठीमागे तिसरा, हातात लाल आणि पिवळी बनियन घेऊन. चेंडू वाटेत असताना तिसरा एक रंग वर धरतो. मधल्यानं चेंडू पायात येण्याआधी मान वळवून रंग ओरडायचा. लाल असेल तर एका स्पर्शात परत, पिवळा असेल तर चेंडूपासून लांबच्या पायावर घेऊन वळायचं. पहिला आठवडा चेंडू पायाखालून जातात, मुलं वैतागतात. नंतर मान आपोआप वळायला लागते. पुढे सामन्यात मुलगा चेंडू घेण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघताना दिसला की समजावं, आता याला ट्रायलला न्यायला हरकत नाही.

ट्रायल बऱ्याचदा कृत्रिम गवतावर असते, मुंबईचं कूपरेजही तसंच. तिथे चेंडू झरझर पळतो आणि आपल्याकडचे मुलगे पहिली दहा मिनिटं चाचपडतात. हल्ली तालुक्याच्या गावीही भाड्याचे टर्फ झाले आहेत. लहान असले तरी चालतील. महिन्यातून दोनदा तिथे न्या. कठीण जमिनीवरचे आणि टर्फवरचे बूट वेगळे. मुलाकडे एकच जोड घेण्याएवढे पैसे असतील तर तळाला आखूड, पुष्कळ गुट्ट्यांचा (स्टडचा) घ्यायला सांगा, तो दोन्हीकडे चालतो.

शरीराच्या बाबतीत जिम नाही म्हणून रडू नका. 'फिफा ११+' नावाचा वॉर्मअप आहे: १५ व्यायाम, २० मिनिटं, खास साहित्य काहीच नाही. धावणं, मग ताकद, उड्या, तोल, पुन्हा धावणं. आठवड्यातून निदान दोनदा नियमित केला तर दुखापती खरोखर कमी होतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. मुलींच्या संघात तो चुकवूच नका, कारण गुडघ्यातला लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये जास्त आहे आणि त्या एका दुखापतीत खेळाडूचा वर्षभराचा खेळ जातो.

जेवणासाठी डब्यातली पावडर लागत नाही. वजनाच्या किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिनं धरली तर ६० किलोच्या मुलाला ९० ग्रॅम हवीत. दोन अंडी, दोन वाट्या उडदाची किंवा तुरीची डाळ, मूठभर फुटाणे, अर्धा लिटर दूध, शेंगदाणे आणि भाकरी-पोळी मिळून बरंचसं अंतर कापलं जातं. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात आणि पोळी. शेवभाजी, भरीत, ठेचा रात्रीसाठी ठेवा. तासभर आधी एक केळं. केळीच्या मुलखात राहून मुलं सामन्याआधी वडापाव खातात, याचं मला फार वाईट वाटतं.

यापुढचं नीट वाचा, कारण आपल्या भागात ते जिवाशी संबंधित आहे. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे, आणि आपले कितीतरी चपळ खेळाडू भिल्ल, पावरा घरांतून येतात. आजार असलेला मुलगा सहसा ओळखू येतो, पण वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून तो दोष आलेला, ओळखू येत नाही. तो धडधाकट असतो, जोरात पळतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. उन्हात, पाणी कमी प्यायलेलं असताना, विश्रांती न देता सलग जोरात पळवलं तर अशा वाहकाच्या लाल पेशी वाकू शकतात, मग स्नायूंचं रक्त अडतं आणि मुलगा कोसळतो. अमेरिकेत २००६ साली राइस विद्यापीठाचा डेल लॉइड हा पहिल्या वर्षाचा खेळाडू सरावात शंभर-शंभर यार्डांच्या १६ धावा काढून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो वाहक होता. तिकडचं फुटबॉल वेगळं, हातात चेंडू घेऊन खेळायचं. पण शरीर तेच. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं २०१० पासून वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी या तपासणीचा नियम केला. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून तो आपणच आपल्या संघापुरता करायचा.

प्रवेश झाला की पहिल्या महिन्यात सगळ्या संघाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणी फुकट होते. विद्राव्यता चाचणीत, म्हणजे पहिल्या साध्या रक्तचाचणीत, काही आढळलं तर पुढची खात्रीची चाचणी आवर्जून करून घ्या. सगळ्यांना एकत्र न्या म्हणजे कुणाकडे बोट जात नाही, आणि निकाल फक्त त्या खेळाडूला आणि घरच्यांना सांगा. वाहक निघाला म्हणून कुणालाही संघातून काढायचं नाही. त्यानं खेळावं, क्लबातही जावं. एवढंच की सुट्टीनंतर त्याचा सराव हळूहळू वाढवायचा, जोराच्या दोन धावांमध्ये पुरती विश्रांती द्यायची, ताप किंवा जुलाब असताना पळवायचं नाही, आणि वेळ लावून सलग पळवण्याच्या चाचण्यांतून त्याला मोकळं ठेवायचं. पायात गोळा आलेला मुलगा ओरडतो आणि स्नायू दगडासारखा कडक लागतो. सिकलसेलमुळे बसलेला मुलगा बहुधा शांत पडून असतो, 'पायात जोर नाही' म्हणतो आणि स्नायू हाताला मऊ लागतो. दिसलं की सराव बंद, सावली, थंड पाणी अंगावर, आणि १०८ ला फोन. 'नाटक करतोय' हे वाक्य प्रशिक्षकाच्या तोंडून अशा वेळी कधीही येता कामा नये.

उन्हाचं बाकी सगळं या एकाच गोष्टीत येतं: एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाचला मैदानात, साडेसातला बाहेर. दुपारचा सराव नाहीच.

मैदानावरच्या जागेबद्दल थोडं. गावातून येणारा प्रत्येक जण फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा असतो. क्लबांकडे फॉरवर्डच्या रांगा लागतात. डाव्या पायाचा लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू) आणि पाय वापरू शकणारा गोलकीपर मात्र शोधावा लागतो. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला दुसरी जागा शिकवायला घ्या. डावखुरा मुलगा मिळाला तर त्याच दिवसापासून.

ट्रायलला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात आणि आजूबाजूला सगळे अनोळखी, प्रत्येकाला आपलंच दाखवायचं असतं. मुलाला सांगा: आधी शेजारच्या चौघांची नावं विचार, हिंदीत मोठ्यानं बोल, चेंडू गेला की पहिला मागे पळणारा तू हो. बोलण्याचा सराव मैदानावर रोज करून घ्यावा लागतो. आपली मुलं लाजतात.

व्हिडिओ बनवताना नुसत्या गोलांची गाणं लावलेली रील पाठवू नका. मोबाईल उंचावर, स्टँडवर, कॉलेजच्या गच्चीवर ठेवा आणि सगळं मैदान दिसेल असा पूर्ण सामना घ्या. त्यातून एकूण चार मिनिटांचे तुकडे, प्रत्येक तुकड्यात खेळाडूभोवती वर्तुळ, सुरुवातीला नाव, जन्मतारीख, उंची, जागा, कोणता पाय. सोबत पूर्ण सामन्याची लिंक. बघणाऱ्याला चेंडू नसताना मुलगा काय करतो तेच बघायचं असतं.

कागदपत्रं पहिल्याच वर्षी. जन्मदाखला, आधार, दहावीचं प्रमाणपत्र यांवर नाव आणि तारीख एकच आहे का तपासा. आपल्याकडे कुठे वडिलांचं नाव पुढे, कुठे आडनाव गायब, आणि दुरुस्तीला महिने जातात. पासपोर्टही काढून ठेवा. मग नोंदणी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत खेळाडूची नोंद क्लबमार्फत होते, म्हणून कॉलेजनं जिल्हा संघटनेकडे आपला क्लब संलग्न करावा. याचा आपल्यालाही फायदा आहे. पुढे कधी परदेशी क्लबनं आधीच्या क्लबाला रक्कम मोजून त्या खेळाडूला घेतलं तर 'फिफा'च्या नियमानं त्या रकमेचे ५ टक्के १२ ते २३ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंदच नसेल तर मागणार कशाच्या आधारावर?

करार हातात आला की घरचे येतात. शिंदखेड्याकडचे एक वडील मला म्हणाले, "मॅडम, पोऱ्याले पगार कितला भेटी?" प्रश्न बरोबरच आहे, पण त्यांच्याशी बसून मी आधी पुढचं वाचलं. पगार वर्षाच्या किती महिन्यांचा? राहणं-जेवण कुणाकडे? दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार आणि तेवढ्या काळात पगार चालू राहणार का? करार मध्येच कोण, कोणत्या अटीवर मोडू शकतो? लेखी करार आणि खर्चाहून जास्त मोबदला, असं असेल तरच तो व्यावसायिक खेळाडू. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, अठराच्या आतल्यासाठी तीन. कोऱ्या कागदावर सही नाही आणि सही झाली की एक प्रत घरी. ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्या एजंटाचा फोन तिथेच ठेवून द्या. त्याचं 'फिफा'चं लायसन्स विचारलं की पुष्कळदा तो स्वतःच ठेवतो.

पदवी सोडू देऊ नका, आणि हे मी मास्तरकीच्या सवयीनं सांगत नाही. इंडियन सुपर लीग २०१४ पासूनची, देशातली सगळ्यांत वरची. तिचाही हंगाम जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी सरावच थांबवला. आपल्या मुलाला बहुधा याच्या खालच्या पायऱ्यांवर सुरुवात करावी लागेल: देशपातळीवरच्या लीगच्या खालच्या श्रेणी, मुंबई-पुण्याच्या लीग, मुलींसाठी इंडियन विमेन्स लीग, शिवाय रेल्वे आणि बँकांचे संघ. एटीकेटी घेऊन गेलेल्या मुलाला मधल्या रिकाम्या महिन्यांत काही सुचत नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षात प्रत्येकाला आणखी एक दार उघडून द्या. कुणी पंचांची परीक्षा द्यावी, कुणी प्रशिक्षकाचं डी लायसन्स करून लहान मुलांना शिकवावं, ज्याला आकडे आवडतात त्यानं सामन्याचं विश्लेषण शिकावं. आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात, आपल्यासाठी ते कार्यालय नाशिकला. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात प्रमाणपत्र, संघाची यादी आणि निकालपत्र यांच्या प्रती फाईलला लावा. एक फाईल कॉलेजात, एक खेळाडूच्या घरी.