फिक्स्ड गिअर सायकल: सुट्या भागांची निवड आणि जोडणी

फिक्स्ड गिअर सायकलीत मागची दातेरी चकती, म्हणजे कॉग, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, पक्की बसवलेली असते आणि मध्ये फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसते, त्यामुळे चाक फिरत आहे तोवर पेडलही फिरतच राहते. पाय स्थिर ठेवून सायकल नुसती वाहू देता येत नाही. पेडलवर उलटा दाब दिला की वेग कमी होतो. भाग मोजकेच असल्यामुळे ही सायकल घरी जोडणे सोपे आहे असे अनेकांना वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. गिअरच्या सायकलीत मागच्या डिरेल्युअरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंगवर चालणारी भुजा चेनचा ढिलेपणा सामावून घेते आणि चेन थोडी तिरकी धावली तरी चालते. फिक्स्डमध्ये जोडणीतील चूक झाकणारा असा एकही भाग नाही. त्यामुळे एखादा भाग स्वतंत्रपणे किती भारी आहे यापेक्षा तो शेजारच्या भागाशी मिलिमीटरपर्यंत जुळतो का, हा प्रश्न खरेदीच्या वेळी आधी विचारावा.

फ्रेम

फ्रेम निवडताना पहिली नजर मागच्या ड्रॉपआउटकडे, म्हणजे चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तिकडे, टाकावी. चेन ताणण्यासाठी आस पुढे-मागे सरकवता आला पाहिजे. ट्रॅक फ्रेमची, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या फ्रेमची, खाच मागच्या बाजूने उघडी असते, जुन्या पोलादी रोड फ्रेमची खाच आडवी पण पुढच्या बाजूने उघडी असते, आणि दोन्ही प्रकार या कामासाठी योग्य आहेत. नव्या रोड फ्रेमची खाच उभी असते आणि तिच्यात आस सरकतच नाही. अशा फ्रेमला स्प्रिंगचा चेन टेन्शनर लावून भागेल असे समजू नये; उलटा दाब देताना ताण चेनच्या खालच्या बाजूला येतो आणि तो टेन्शनर वाकतो किंवा तुटतो. उभ्या खाचेची फ्रेम वापरायचीच असेल तर विकेंद्री आसाचा हब लागतो, आणि तो खर्च पाहता दुसरी फ्रेम शोधणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

दुसरे माप मागच्या दोन ड्रॉपआउटमधील अंतराचे आहे. ट्रॅक हबसाठी ते १२० मिमी असते. जुन्या रोड फ्रेममध्ये १२६ आणि त्यानंतरच्यांत १३० मिमी आढळते. आस पुरेसा लांब असल्यास १२६ मिमीच्या फ्रेममध्ये हबच्या दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर घालून काम होते. पोलादी फ्रेम जाणकाराकडून थोडी आवळून किंवा फाकवून घेता येते. ॲल्युमिनियम व कार्बनच्या फ्रेमवर असा प्रयोग कधीही करू नये.

फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, वरच्या भागात ब्रेकसाठी भोक आहे का, हेही फ्रेम घेतानाच तपासावे. शुद्ध ट्रॅक फोर्कला ते नसते. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या लंबगोल ट्रॅकवर, सगळे एकाच दिशेने धावतात आणि कोणी अचानक ब्रेक लावला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील, म्हणून तिथे ब्रेक नसणे हीच सुरक्षितता असते. रस्त्यावरचे गणित याच्या नेमके उलटे आहे.

मागचा हब

पैसे वाचवायचे असतील तर हँडल, सीट, रंग यांवर वाचवावेत. मागच्या हबवर आणि कॉगवर वाचवू नयेत. खऱ्या ट्रॅक हबवर आट्यांचे दोन टप्पे असतात. आतल्या मोठ्या टप्प्यावर सरळ आट्यांनी कॉग बसतो आणि बाहेरच्या थोड्या लहान टप्प्यावर उलट्या आट्यांनी लॉकरिंग, म्हणजे कॉगला जागी धरून ठेवणारी कडी, बसते. पेडलवर उलटा दाब आला की कॉग सुटण्याच्या दिशेने फिरू पाहतो, पण त्या दिशेला लॉकरिंग आवळले जाते, आणि म्हणून कॉग जागचा हलत नाही.

जुन्या फ्रीव्हील हबवरही प्रचलित मापाचा, म्हणजे १.३७ इंच व्यासाचा आणि इंचाला २४ आट्यांचा, कॉग सहज चढतो, आणि धोका नेमका इथेच आहे. त्या हबला उलट्या आट्यांचा दुसरा टप्पा नसतो. काही जण त्यावर बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या आसाच्या बेअरिंगची) रिंग आवळतात, पण तिचे आटे कॉगच्याच दिशेचे असल्याने जोराचा उलटा दाब आला की दोन्ही मिळून सुटू शकतात. आट्यांवर चिकटणारे द्रव्य लावून ही उणीव भरून निघत नाही.

पहिल्यांदा फिक्स्ड चालवणाऱ्याने फ्लिप-फ्लॉप हब घ्यावा. त्याच्या एका बाजूला कॉग आणि दुसऱ्या बाजूला सिंगल फ्रीव्हील बसते, त्यामुळे गुडघे कुरकुर करू लागले किंवा लांब उतार आला तर चाक उलटे बसवून साधी सायकल करता येते.

दात्यांचे गणित

पुढच्या चेनरिंगच्या, म्हणजे पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चकतीच्या, दात्यांना मागच्या कॉगच्या दात्यांनी भागले की गुणोत्तर मिळते, आणि त्याला चाकाच्या परिघाने गुणले की पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. ७०० सी (रोड सायकलीचे प्रचलित माप) रिमवर २५ मिमीचा टायर धरला तर परीघ सुमारे २.१ मीटर भरतो. ४६ आणि १६ दात्यांचे गुणोत्तर २.८७५, म्हणजे एका फेरीत सुमारे ६ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या चालीने ताशी २९ किमी वेग येतो, जो सपाट रस्त्यावर छान वाटतो. मात्र ताशी ४५ किमीने उतरताना पायांना मिनिटाला सुमारे १२४ फेऱ्या माराव्या लागतात. चढ-उतारांच्या किंवा गर्दीच्या रस्त्यासाठी ४४ आणि १७ ही जोडी सोयीची आहे. तिच्यात ८० फेऱ्यांना वेग ताशी २६ किमीच्या आसपास राहतो आणि चढावर उभे राहूनही पाय फिरतात. नवशिक्यांचा कल जड गुणोत्तराकडे असतो, पण जड गुणोत्तरात सायकल केवळ पायांनी थांबवणे अधिक अवघड होते, हे लक्षात घ्यावे.

दात्यांच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. मागचे चाक पायांनी अडवून घसरवताना दोन्ही क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, आडवे असतात, त्यामुळे टायरचा कोणता भाग रस्त्यावर घासणार हे गुणोत्तर ठरवते. ४८ आणि १६ घेतले तर भागाकार नेमका ३ येतो. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाच्या पूर्ण तीन फेऱ्या, त्यामुळे एकच पाय पुढे ठेवण्याची सवय असेल तर दर वेळी टायरची तीच जागा झिजते आणि टायर लवकरच फाटतो. ४६ आणि १६ चा संक्षेप २३/८ होतो, म्हणून घासण्याच्या जागा ८ होतात. ४७ आणि १७ किंवा ४४ आणि १७ यांचा संक्षेप होत नाही, म्हणून तिथे १७ जागा मिळतात. कॉगच्या दात्यांची संख्या मूळ संख्या निवडावी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

क्रँक, बॉटम ब्रॅकेट आणि चेनलाइन

क्रँकची लांबी १६५ मिमी घ्यावी. वळणावर सायकल कलली असताना आतल्या बाजूचे पेडल वर धरून ठेवण्याची सोय इथे नाही, आणि रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असल्याने लांब क्रँकचे पेडल रस्त्याला टेकून मागचे चाक उचलले जाऊ शकते.

चेन, चेनरिंग आणि कॉग एकाच रुंदीचे, म्हणजे सगळे १/८ इंची किंवा सगळे ३/३२ इंची घ्यावेत. १/८ ची चेन ३/३२ च्या दात्यांवर चालते, पण अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही.

चेनलाइन म्हणजे सायकलीच्या मध्यरेषेपासून चेनपर्यंतचे अंतर. ते पुढे आणि मागे सारखे हवे, आणि ट्रॅकच्या भागांत साधारण ४२ मिमी असते. मागचे अंतर काढण्यासाठी ड्रॉपआउटला टेकणाऱ्या लॉकनटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून कॉगच्या दात्यांच्या मध्यापर्यंत मोजावे आणि तो आकडा हबच्या निम्म्या रुंदीतून वजा करावा. १२० मिमीच्या हबवर हे माप १८ मिमी आले तर ६० वजा १८, म्हणजे ४२. पुढे सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) पृष्ठभागापासून चेनरिंगच्या दात्यांपर्यंत मोजून त्यात ट्यूबचा निम्मा व्यास मिळवावा. समजा ट्यूबचा व्यास २८.६ मिमी आहे आणि मोजमाप २९.७ आले, तर बेरीज ४४ होते, म्हणजे चेन पुढे २ मिमी बाहेर आहे. समान बाजूंच्या आसात लांबीतील बदल दोन्हीकडे निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणून १०७ मिमीच्या जागी १०३ मिमीचा बॉटम ब्रॅकेट बसवला की हिशेब जुळतो. चेनरिंग चेनस्टेला, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या आसाकडे जाणाऱ्या नळीला, घासत नाही ना, तेवढे पाहावे. एक मिमीपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर चेन कुरकुरते, दाते लवकर झिजतात आणि शेवटी चेन उतरते. फिक्स्ड सायकलीवर उतरलेली चेन चाकात अडकली तर चाक जागीच जाम होते.

चौकोनी आसाच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) असे दोन प्रकार आहेत. दोन्हींचा निमुळतेपणा सारखाच दिसतो, पण आयएसओचा क्रँक जेआयएसच्या आसावर सुमारे ४ ते ५ मिमी बाहेर बसतो आणि सगळे मोजमाप बिघडते. क्रँक आणि आस शक्यतो एकाच मानकाचे घ्यावेत.

ब्रेक आणि बाकीचे भाग

पुढचा ब्रेक लावावाच. वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे मागचे चाक कितीही अडवले तरी ते घसरते आणि थांबण्याचे अंतर वाढते. शिवाय चेन तुटली तर पायांच्या हातात काहीच उरत नाही. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत फिक्स्ड चाकाला मागच्या ब्रेकचे काम करणारे मानले आहे, तरीही पुढच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक सक्तीचा आहे, आणि ही विभागणी मला तांत्रिकदृष्ट्याही योग्य वाटते.

पाय पेडलला बांधलेला हवा. टो-क्लिप (बुटाचे टोक अडकवणारा पिंजरा) व पट्टा, रुंद पट्टे किंवा क्लीटचे (बुटाच्या तळाशी खटका असलेले) पेडल यांपैकी काहीही चालेल. वेगात पाय निसटला तर फिरते पेडल नडगीवर आपटते आणि पुन्हा पाय बसवणे अवघड होते. टायर फ्रेममध्ये जागा असल्यास २८ मिमीचे घ्यावेत. हँडल, स्टेम (हँडल धरणारा दांडा) आणि सीट आपापल्या अंगाला सोसतील तसे घ्यावेत. स्टेम व हँडलचा पकडीचा व्यास मात्र जुळायला हवा, कारण २५.४, २६ आणि ३१.८ मिमी अशी मापे बाजारात एकत्रच नांदतात.

जोडणी

सुरुवात हेडसेट (फोर्क फिरवणारे बेअरिंग), फोर्क आणि बॉटम ब्रॅकेटपासून करावी. बीएसए या प्रचलित आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, तसेच डाव्या पेडलचे आटेही उलटे असतात. सगळ्या आट्यांना ग्रीस लावून पहिले दोन-तीन वेढे हाताने फिरवावेत, म्हणजे आटे तिरके बसून खराब होणार नाहीत. चौकोनी आसाच्या क्रँकचे बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर आवळावेत.

कॉग हाताने पूर्ण बसवून चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) जोर लावून आवळावा, मग लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने त्याच्या खास पान्याने आवळावे. ठोकून बसवलेल्या लॉकरिंगच्या खाचा झिजतात आणि पुढच्या वेळी पाना घसरतो.

चाक बसवण्याआधी त्याचा आउट काढलेला, म्हणजे रिमचे वाकडेपण घालवलेले, असावे. चेन इतकी लांब ठेवावी की आस खाचेच्या साधारण मध्यावर येईल. एक दाता बदलला की आस सुमारे ३ मिमी सरकतो, त्यामुळे पुढे कॉग बदलायचा असेल तर दोन्हीकडे थोडी जागा उरते. चेन ताणताना चाक हाताने नुसते मागे ओढत बसू नये. उजवा नट बेताचा आवळलेला ठेवून डावा सैल करावा आणि चेनस्टेजवळची रिम डावीकडे ढकलावी, म्हणजे आसाचे डावे टोक मागे सरकते. मग डावा नट आवळून उजवा सैल करावा आणि रिम मध्यावर आणावी. आता उजवे टोक मागे येते आणि चेन ताणली जाते. दोन-तीन वेळा असे केले की हवा तो ताण मिळतो.

नंतर क्रँक सावकाश फिरवत चेन कुठे सर्वांत घट्ट होते ते शोधावे, कारण चेनरिंग क्वचितच पूर्ण गोल किंवा नेमकी मध्यावर असते. फरक फार असेल तर चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करून, चेन घट्ट असलेल्या जागी चेनवर हलके ठोकून चेनरिंग मध्यावर आणावी. सर्वांत घट्ट जागीही चेन मधोमध वर-खाली मिळून सुमारे १० मिमी हलली पाहिजे. तारेसारखी ताणलेली चेन बेअरिंग खाते. दोन्ही नट शेवटी पूर्ण जोराने आवळावेत.

हे सगळे करताना, आणि पुढे चेन पुसतानाही, चाक फिरत असेल तेव्हा बोटे चेनजवळ नेऊ नयेत. फ्रीव्हीलच्या सायकलीत बोट अडकले तर पेडल थांबवता येते. इथे फिरत्या चाकाचा सगळा जोर चेनमध्ये उतरतो आणि बोट तुटू शकते. फडके चाक पूर्ण थांबवून, एकेक हातभर चेनवरच फिरवावे. सैल पँट आणि बुटांच्या नाड्या यांनाही हेच लागू आहे.

पहिल्या फेरीत एखादा चढ जोर लावून चढावा, म्हणजे कॉग आणखी थोडा घट्ट बसतो, आणि परतल्यावर लॉकरिंग पुन्हा आवळावे. बहुतेक वेळा ते थोडे फिरतेच. क्रँकचे बोल्ट, चेनरिंगचे बोल्ट व आसाचे नट पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा तपासावेत. त्यानंतर अधूनमधून चेन मोजावी. नव्या चेनमध्ये २४ पिनांचे अंतर, म्हणजे १२ इंच, ३०४.८ मिमी भरते. ते ३०६ मिमीच्या पुढे गेले की चेन बदलावी, म्हणजे कॉग आणि चेनरिंग बरेच दिवस टिकतात.