पेंचचं 2041 सालचं पाणी वहीत कसं मांडायचं

मी शाखा अभियंता म्हणून पेंच नदीवरच्या धरणाच्या कालव्यांवर सव्वीस वर्षं काढली. नागपूर शहरालाही याच पाण्याचा आधार आहे. आता रामटेककडच्या एका पाणी वापर संस्थेची मंडळी नागपूरला माझ्या घरी येतात आणि विचारतात, "मॅडम, पंधरा-वीस वर्षांनी आमच्या कालव्याच्या चारीला पाणी राहील का?" त्यांना वहीत मांडून दाखवते, तेच इथे लिहिते.

आधी एकक ठरवा. सगळं दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये आणा. नागपूर शहराच्या पाण्याचा आकडा दशलक्ष लिटर रोज असा मिळतो, त्याला 0.365 ने गुणलं की वर्षाचे दलघमी होतात.

मग नदी वाहते त्या क्रमाने पानं लिहा. पहिलं पान मध्य प्रदेशाचं. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाच्या वर, छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण आहे. माझ्या पहिल्या अंदाजात मी तोतलाडोहची जुनी आवक, म्हणजे धरणात येणारं पाणी, जशीच्या तशी पुढे नेली होती. वरच्या राज्याने स्वतःच्या हक्काचं पाणी अडवलं आणि माझा तक्ता चुकला. जुलै 2019 मध्ये नागपुरात एक दिवसाआड पाणी आलं, तेव्हा ती वही समोर घेऊन मी फार अस्वस्थ झाले होते. म्हणून आवक दोनदा काढा: एकदा सगळ्या नोंदींवरून, एकदा फक्त वरचं धरण भरायला लागल्यानंतरच्या वर्षांवरून. सरासरीवर विसंबू नका. वर्षं उतरत्या क्रमाने लावा आणि चारपैकी तीन वर्षं निदान जेवढं मिळालं, तो 75 टक्के विश्वासार्हतेचा आकडा धरा.

शहराच्या पानावर सगळ्यात जास्त वेळ द्या. जनगणनेत नागपूर 1991 मध्ये 16.25 लाख, 2001 मध्ये 20.52 लाख आणि 2011 मध्ये 24.06 लाख होतं. शेवटच्या दशकात 3.54 लाख वाढले. दर दशकाला तेवढेच वाढतील असं धरलं तर 2041 मध्ये 34.7 लाख. शेकडा वाढ, 17.2 टक्के, तशीच धरली तर 38.8 लाख. फरक 4.1 लाख माणसांचा. माणशी रोज 135 लिटरने तो 55 दशलक्ष लिटर, म्हणजे वर्षाला 20 दलघमी होतो. वाढीची गती 1991-2001 मधल्या 26 टक्क्यांवरून खाली आली आहे, म्हणून मला खालचा आकडा जास्त पटतो. पण बेसा, बेलतरोडी, वाडीकडे बघा: वस्ती हद्दीबाहेर सरकली आहे. तिथली माणसं वेगळी मोजा, नाहीतर ती कुठल्याच पानावर येणार नाहीत.

नळातल्या पाण्यावर थांबू नका. गळती 30 टक्के धरली, तर 55 दशलक्ष लिटर नळापर्यंत पोचवायला धरणातून सुमारे 79 दशलक्ष लिटर उचलावे लागतात. गळतीचा खरा आकडा मागून घ्या. अंदाजात सगळ्यात मोठी बचत बहुतेक तिथेच सापडते.

शेतीच्या पानावर पाणी कालव्याच्या मुखाशी मोजा. 1 दलघमीत 100 हेक्टरवर एक मीटर पाणी उभं राहतं. म्हणजे वरचे 20 दलघमी हे 2,000 हेक्टरचं पाणी. पीक बदललं की सगळं बदलतं. खरिपाच्या धानाला पावसाचा आधार असतो, उन्हाळी धानाच्या बांधीला जवळपास सगळं कालव्यातूनच द्यावं लागतं, तेही धरणावरून बाष्पीभवन ऐन भरात असताना. म्हणून पीकरचना बदलून दोन-तीन गणितं करा. पाणी कमी पडलं की टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पहिला कोरडा राहतो. त्याचं क्षेत्र वेगळ्या ओळीत लिहा, म्हणजे तुटवडा नेमका कोणाच्या शेतावर येतो ते दिसेल.

उद्योगाचं पान लहान आहे, पण त्याची उलटी बाजू महत्त्वाची. शहराने वापरलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं. भांडेवाडीत शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं पेंचमधून वजा करा. उरलेलं नाग नदीतून कन्हानला, पुढे वैनगंगेला आणि तिच्यावरच्या गोसीखुर्द धरणाला पोचतं. ते गोसीखुर्दच्या आवकेत दाखवा, शेजारी त्याची गुणवत्ताही लिहा. संपलं म्हणून सोडलंत किंवा शुद्ध म्हणून मोजलंत, दोन्ही चूकच.

शेवटी पाण्याच्या अंदाजाच्या कमी, मध्यम, जास्त अशा तीन ओळी उरतील. एकच ओळ घेऊन बैठकीला जाऊ नका. दरवर्षी 15 ऑक्टोबरला धरणाचा प्रत्यक्ष साठा त्या ओळींशेजारी पेनाने लिहून ठेवा.